घरच्या संगणकाचें कुंपण : फायरवॉलची निवड व वापर

कुंपणावांचून बागाईत करूं नये, हें आमच्या शेतकरी बंधूंस कोणीं सांगावयास नको. उभ्या पिकांत जनावर शिरलें तर वर्षाची मेहनत एका रात्रींत जाते. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरीं हल्लीं जो संगणक असतो, त्याच्या कुंपणाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सातबाऱ्याचे उतारे, पीककर्जाचे कागद, बँकेचे व्यवहार, फवारणीच्या नोंदी, मुलांच्या परीक्षांचे अर्ज हें सारें आतां त्यांत असतें. आणि घरांत कोणी विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव असेल, तर कित्येक सभासदांचा जमाखर्चही त्यांतच असण्याचा संभव असतो. अशा संगणकाच्या रक्षणासाठीं जें साधन आहे त्यास फायरवॉल म्हणतात. ती कशी निवडावी, कशी वापरावी, व तिच्यावर कितपत विसंबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

फायरवॉल म्हणजे काय ?

हा शब्द मूळचा बांधकामाचा. एका इमारतीस लागलेली आग शेजारच्या इमारतीस पोंचूं नये म्हणून मध्यें जी न जळणारी भिंत घालतात, तिचें हें नांव. संगणकाच्या व्यवहारांत तें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊं लागलें. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस नामक विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम एका संगणकांतून दुसऱ्यांत आपण होऊन शिरत गेला आणि त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारों संगणक त्यानें अडवून टाकले. अशा प्रोग्रामास ‘वर्म’, म्हणजे किडा, म्हणतात. एका झाडाची कीड जशी मालकाच्या नकळत शेजारच्या झाडावर जाते, तशीच याची चाल असते. जाळ्यांत जोडलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवून चालणार नाहीं, हें तेव्हांपासून लोकांस उमजलें.

आतां हें काम कसें चालतें तें पाहूं. इंटरनेटवरून येणारा मजकूर अखंड येत नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं केलेलीं असतात. प्रत्येक पुडक्यावर तें कोठून आलें, कोणाकडे जावयाचें, व त्या संगणकाच्या कोणत्या दारीं द्यावयाचें, हें लिहिलेलें असतें. या दारांस ‘पोर्ट’ म्हणतात व त्यांचे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. बँकेचें सुरक्षित संकेतस्थळ ४४३ क्रमांकाच्या दारावर बोलतें. विंडोजमधील फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर देण्याघेण्याचें दार ४४५ क्रमांकाचें आहे. फायरवॉल प्रत्येक पुडक्यावरील हा पत्ता वाचते. आपण स्वतः बँकेकडे कांहीं मागणी पाठविली असेल, तर तिचें उत्तर ती आंत येऊं देते. न मागतां आलेलें पुडकें दारांतच थांबवितें तेंही तीच. हें एक तत्त्व नीट समजलें, म्हणजे पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात.

घरांत असलेलें कुंपण

इ. स. २००३ सालचा प्रसंग येथें मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विंडोजच्या एका भागांत दोष सांपडला व मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १६ जुलै रोजीं त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनीं ती लाविली नाहीं, त्यांच्या संगणकांत ११ ऑगस्टपासून ‘ब्लास्टर’ नांवाचा किडा १३५ क्रमांकाच्या दारानें शिरूं लागला. मालकानें कोठें बोट लावण्याची, कांहीं उघडण्याची गरज नव्हती. संगणक इंटरनेटास जोडलेला असणें एवढेंच पुरे होई. मग पडद्यावर एका मिनिटाची मुदत दिसे आणि संगणक आपोआप बंद होई. दुरुस्ती उतरवून घेण्यासही तेवढा अवधि पुरत नसे.

यांतील चटका लावणारी गोष्ट अशी कीं, २००१ मध्यें निघालेल्या विंडोज एक्सपीमध्यें फायरवॉल आधींपासूनच होती; फक्त ती बंद स्थितींत दिलेली होती. तारेचें भेंडोळें माळ्यावर पडून राहावें आणि रानडुकरांनीं भुईमूग उकरावा, त्यांतलाच हा प्रकार. म्हणूनच ऑगस्ट २००४ मध्यें आलेल्या ‘सर्व्हिस पॅक २’ या सुधारणेपासून विंडोजची फायरवॉल मुळांतच चालू ठेवण्याची पद्धत पडली. तात्पर्य, बहुतेक घरांत कुंपण विकत आणण्याचा प्रश्न नसून, असलेलें कुंपण उभें आहे कीं नाहीं हें पाहण्याचा प्रश्न आहे.

निवड कशी करावी ?

घरच्या संगणकास दोन ठिकाणीं फायरवॉल असूं शकते : एक राउटरमध्यें, म्हणजे इंटरनेटची जोडणी घरांत वांटून देणाऱ्या पेटींत, व दुसरी प्रत्यक्ष संगणकांत. पहिली सर्व वाड्याची वेस होय, तर दुसरी आपल्या खोलीचें दार. दोन्ही हव्यात, आणि त्याचें कारण असें.

राउटर घरांतील यंत्रांस १९२.१६८ किंवा १० या आंकड्यांनीं सुरू होणारे खाजगी पत्ते देतो व बाहेर सर्वांच्या वतीनें एकच पत्ता दाखवितो. त्यामुळें बाहेरच्या परक्यास आंतील संगणकाचें दार सहसा थेट ठोठावतां येत नाहीं. परंतु हा आडोसा पत्त्यांच्या टंचाईंतून निघालेल्या युक्तीचा आनुषंगिक लाभ आहे. पत्त्यांची जी नवी सहावी पद्धत प्रचारांत आली आहे, तींत प्रत्येक यंत्रास स्वतःचा जाहीर पत्ता मिळूं शकतो. म्हणून आडोशावर न विसंबतां राउटरमधील फायरवॉल खरोखर चालू आहे ना, हें पाहून घ्यावें.

वेशीच्या आंत आलेल्या चोरापुढें मात्र वेस निरुपयोगी ठरते. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर किडा जगांत पसरला. तो ४४५ क्रमांकाच्या दारानें शिरे, फाइलींस कुलूप घाली व ते उघडण्यासाठीं पैसे मागे. इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांचें काम त्यानें अडविलें. त्या दोषाची दुरुस्ती मार्च महिन्यांतच प्रसिद्ध झाली होती. एखाद्या जाळ्यांतील एक संगणक बिघडला कीं तो त्याच जाळ्यांतील इतरांकडे वळे. मुलाच्या लॅपटॉपमध्यें कीड आली आणि त्याच घरांत सोसायटीच्या हिशेबाचा संगणक असला, तर दोघांमध्यें आडवें येणारें दार दुसऱ्या संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलचेंच असतें.

संगणकांतील फायरवॉल कोणती घ्यावी ? विंडोजमध्यें असलेली फायरवॉल सामान्य कुटुंबास पुरेशी आहे. ॲपलच्या मॅक संगणकांतही ती असते, परंतु चालू आहे कीं नाहीं हें सेटिंगमध्यें जाऊन पाहावें लागतें. उबंटू लिनक्समध्यें तिचें साधन दिलेलें असतें, तें आपण चालू करावयाचें असतें. विकतच्या ॲन्टिव्हायरसबरोबर निराळी फायरवॉल आली, तर विंडोजची आपली बहुधा बाजूस होते. अशा वेळीं वर्गणीची मुदत संपल्यावर दोहोंपैकीं कोणती तरी एक चालू आहे, याची खात्री करून घ्यावी. एकाच संगणकावर दोन फायरवॉल एकदम चालवूं नयेत. त्या एकमेकींच्या कामांत आड येतात, आणि गोंधळास कंटाळून मालक दोन्ही बंद करतो.

जास्त साधनें म्हणजे जास्त सुरक्षितता, असेंही नाहीं. मार्च २००४ मध्यें ‘विटी’ नांवाचा किडा निघाला, तो एका फायरवॉल बनविणाऱ्या कंपनीच्या मालांतील दोषावाटेच संगणकांत शिरला. रक्षणासाठीं घेतलेलें साधनही अखेर एक प्रोग्रामच. त्याचीही वेळेवर डागडुजी व्हावी लागते. म्हणून विकत घेण्यापूर्वीं, याच्या दुरुस्त्या नियमित येतात काय, हें प्रथम विचारावें. आमचें मत विचाराल तर, दुसऱ्या फायरवॉलवर खर्च करण्यापेक्षां त्या पैशांत एक बाहेरची डिस्क घेऊन तीवर हिशेबाची प्रत ठेवणें अधिक हितावह आहे.

वापरासंबंधीं सूचना

(१) विंडोजमध्यें ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल’ या सदरांत जावें. तेथें डोमेन, प्रायव्हेट व पब्लिक असे तीन प्रकार दिसतात. तिन्हींपुढें फायरवॉल चालू असल्याचें दिसलें पाहिजे.

(२) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बाजार समितींत, लॉजवर किंवा परक्याच्या घरीं जोडणी घेतांना ‘पब्लिक’ हा प्रकार निवडावा. त्यानें आपला संगणक त्या जाळ्यांतील इतरांस सहजीं दिसत नाहीं. घरींही छपाईयंत्र वा फाइली सामाईक वापरावयाच्या नसतील, तर हाच प्रकार बरा.

(३) एखादा प्रोग्राम आंत येणाऱ्या जोडण्या घेऊं पाहतो, तेव्हां परवानगी विचारणारी चौकट पडद्यावर येते. प्रोग्राम कोणता व त्यास ही वाट कशासाठीं हवी, हें सांगतां येत नसेल तर नकार द्यावा. नकारानें काम अडलेंच, तर परवानगी मागाहून देतां येते. दिलेली परवानगी मात्र पुष्कळदां विसरली जाते.

(४) पावसाळ्यापूर्वीं आपण बांध फिरून पाहतों, त्याप्रमाणें वर्षांतून दोनदां, पाडव्यास व दिवाळीस म्हणा, परवानगी दिलेल्या प्रोग्रामांची यादी वाचावी व नको त्यांपुढील खूण काढावी.

(५) ‘फायरवॉल बंद करा म्हणजे प्रोग्राम चालेल,’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या एका प्रोग्रामास वाट देतां येत असतां सबंध कुंपण पाडूं नये.

(६) राउटरचा मूळचा पासवर्ड लगेच बदलावा. बाहेरून राउटर चालविण्याची सोय बंद करावी. ‘यूपीएनपी’ नांवाची जी सोय असते, तिच्यामुळें आंतील यंत्रें मालकास न विचारतां राउटरमध्यें वाटा उघडूं शकतात. तिची निकड नसेल तर तीही बंद करावी.

(७) गोठ्यावर, विहिरीवर व खळ्यावर कॅमेरे बसविण्याचा प्रघात वाढत आहे. मोबाइलवर चित्र दिसावें म्हणून बसविणारा कारागीर कधीं कधीं राउटरमध्यें कायमची वाट उघडून जातो. ती उघडली काय, हें त्यास स्पष्ट विचारावें. २०१६ मध्यें ‘मिराई’ नामक किड्यानें कारखान्यांतून आलेले पासवर्ड न बदललेले असे असंख्य कॅमेरे व राउटर काबीज केले आणि त्यांच्याकरवीं इतरांवर हल्ले चढविले. राउटरमध्यें पाहुण्यांसाठीं निराळें जाळें करण्याची सोय असेल, तर कॅमेरे त्यांत ठेवावे.

(८) संगणकाच्या दुरुस्त्या येतील तेव्हां लावाव्या. विंडोज १० च्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. ज्यांनीं वाढीव मुदतीसाठीं नोंदणी केली नाहीं, त्यांनीं अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करूं नयेत.

फायरवॉल काय करूं शकत नाहीं ?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. न बोलावतां येणाऱ्यास फायरवॉल अडविते. आपण होऊन आंत घेतलेल्यास अडविणें बहुधा तिच्या हातीं नसतें. बँकेच्या नांवानें दूरध्वनि येतो, अडचण दूर करण्यासाठीं म्हणून एक प्रोग्राम उतरवून घेण्यास सांगतात, व त्याच्या योगें परका मनुष्य आपला पडदा पाहूं लागतो. येथें जोडणी आंतून बाहेर गेलेली असते. म्हणून फायरवॉलच्या दृष्टीनें ती मालकाच्या संमतीची. अनुदानाच्या नांवानें व्हॉट्सॲपवर आलेलें ॲप, अनोळखी पत्रास जोडलेली फाइल, खोटें संकेतस्थळ व विश्वासानें सांगितलेला ओटीपी यांचीही गोष्ट तशीच. कुंपण कितीही भक्कम असलें, तरी फाटकाची कडी घरच्या माणसानेंच काढली तर त्याचा उपयोग काय ?

म्हणून फायरवॉलविषयीं जें घरांतील कर्त्या पुरुषास कळलें, तें घरांतील बायांस, मुलांस व वडीलधाऱ्यांसही समजावून द्यावें. संगणक किंवा मोबाइल वापरणारा प्रत्येकजण त्या फाटकाचा राखणदार असतो. फसवणुकीनें पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावें व बँकेसही सांगावें. जितकी त्वरा करावी, तितका पैसे थोपविले जाण्याचा संभव अधिक. आणि हिशेबाची एक प्रत, संगणकापासून सोडवून ठेवलेल्या डिस्कवर, नेहमीं असूं द्यावी. खंडणीखोर किड्यापुढें खरा आधार तिचाच.

सारांश, घरांत असलेली फायरवॉल चालू ठेवावी, तींतील वाटा थोड्या व माहितीच्या असाव्या, राउटर व कॅमेरे यांचे पासवर्ड बदलावे, दुरुस्त्या वेळेवर लावाव्या, आणि अनोळखी मनुष्याच्या सांगण्यावरून आंतून दार उघडूं नये. यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. एखाद्या निवांत संध्याकाळीं तासाभराचें काम आहे. आमच्या वाचकांनीं, व विशेषेंकरून सोसायट्यांचे हिशेब ज्यांच्या घरीं राहतात त्यांनीं, पुढील अंक हातीं पडण्यापूर्वीं तें उरकून घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.