वार पडल्यानंतरचे दोन तास

बाळ रडले की घरची मंडळी पेढे आणायला धावतात. मी मात्र तेव्हा बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून उभी असते. रक्तस्रावाचा मोठा धोका वार पडल्यावर असतो. वार सुटलेल्या जागेतील रक्तवाहिन्या गर्भाशय आवळल्यानेच बंद होतात. बेंबीपाशी हाताला कठीण गोळा लागला तर ठीक; तो मऊ पडला की रक्त वाहू लागते. म्हणून बाळ जन्मताच मिनिटभरात आम्ही आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतो. बाळाला लगेच अंगावर पाजल्यानेही गर्भाशय आवळते. लघवी मात्र तुंबू देऊ नये. मूत्राशय भरलेले असेल तर गर्भाशय नीट आवळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तस्राव पाहावा लागतो. अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाणे धोक्याचे. “अंगावरून जायचेच, घाण निघून जाते,” असे म्हणत थोरल्या बायका स्वस्थ बसतात, ते मला मुळीच पटत नाही. तासाभरात कापडाची घडी किंवा पॅड चिंब भिजले, घेरी आली, अंग गार पडले, तर तत्काळ सिस्टरला हाक मारा. घरी असाल तर १०८ क्रमांकावर फोन करा.