परक्या लेकरास भाषा शिकविणें

शास्त्रवाचन : लेवीय १९:३३-३४, मत्तय २:१३-१५

बाळ येशूस रातोरात मिसर देशांत नेलें, ही गोष्ट आपण नाताळांत पुष्कळदां ऐकतों. परंतु तेथें त्या घराण्याच्या कानीं परकी बोली पडली असेल, हा विचार क्वचितच कोणी करितो. लेवीयांतील आज्ञा परदेशीयास आपल्यांतलाच मानावयास सांगते, आणि इस्राएल लोक स्वतः मिसरांत परके होते हें त्याचें कारण देते.

आपल्या महाराष्ट्रांतही असे परके आले होते. सन १९४० मध्यें सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील हजारों कुटुंबें सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार केलीं. सन १९४१ त सुटका झाल्यावर त्यांतील कित्येक इराणमार्गें हिंदुस्थानांत पोहोंचलीं. सन १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका व मुलें. छावणींतील शाळा पोलिश भाषेंत चालत, आणि मुलें इंग्रजीही शिकत. पुढें पुष्कळजण इंग्लंडांत गेले. आधीं आईची बोली, मग दुसरी, हा क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

हल्लीं जगांत ठिकठिकाणीं महाविद्यालयांतील विद्यार्थी मोबाईलवरून निर्वासित मुलांस विनावेतन इंग्रजी शिकवितात. काम उत्तम, पण वाट बिकट. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक म्यानमार सोडून बांगलादेशांत आले. त्यांच्या छावण्यांत सप्टेंबर २०१९ पासून जवळजवळ वर्षभर जलद इंटरनेट बंद ठेविलें होतें. अशा ठिकाणीं चित्रें दाखविण्याची हौस काय कामाची?

आखाडा बाळापूर व आसपासच्या गांवांतील कोणी कॉलेजांतील तरुण ही सेवा करूं म्हणेल, तर उपदेशकांनीं त्यास आधीं विचारावें कीं, वर्षभर तोच वार व तीच वेळ पाळशील काय? ज्या मुलाचें घर, गांव, कदाचित् बापही एकाएकीं नाहींसा झाला, त्यास दोन महिने शिकवून परीक्षेच्या निमित्तानें निघून जाणारा गुरु न आलेलाच बरा, असें आमचें स्पष्ट मत आहे. घर कसें सुटलें हें त्यानें मुलास विचारूं नये; मूल आपण होऊन बोलेल तेव्हां ऐकावें. हातांतील वस्तूपासून, भाकरी, पाणी, चप्पल, असा आरंभ करावा. प्रत्येक इंग्रजी शब्दाबरोबर मुलाच्या बोलींतील शब्द मागावा व तो स्वतः उच्चारावा. गुरु चुकला कीं मूल हंसतें, आणि मग त्यास स्वतः चुकण्याचें भय उरत नाहीं. धर्मांतराची गोष्ट ह्या वेळीं काढूं नये. भुकेल्यास शिदोरीबरोबर अट घालणें बरें नव्हे.

इंग्रजी न येणाऱ्यांसही काम आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या घरचें लेकरू कोठल्या तरी फडावर पाटीवांचून बसलेलें असतें. त्यास रोज सायंकाळीं फोनवर मराठी वाचन व पाढे घेतां येतात.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न : आपल्या गांवांतून यंदा कोणकोणतीं मुलें बाहेर गेलीं? त्यांच्या आईबापांचे फोन कोणापाशीं आहेत?