चतुर्थीच्या प्रवासाची आखणी



घरच्या गणपतीसाठी सर्व मंडळींना मुंबईहून रत्नागिरीकडील गावी नेण्याची जबाबदारी यंदा प्रथमच चिरंजीव पुतण्याकडे आली असल्याने, त्या प्रवासाची आखणी कोणत्या धोरणाने करावी एवढेच या पत्रात मांडले आहे. हा प्रवास पावसाळ्यात होतो, असंख्य कुटुंबे तो एकाच आठवड्यात करतात, आणि त्यात गाव गाठायचे असते तसेच एक तिथीही गाठायची असते. या शेवटच्या गोष्टीत साऱ्या नियोजनाचे मर्म आहे. उन्हाळी सहल दोन दिवस पुढे ढकलली तरी चालते, परंतु भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. म्हणून हाताशी असेल ती सर्व सवड चतुर्थीच्या अलीकडे ठेवावी, आणि रजा मोजकीच असेल तर ती परतीच्या बाजूने कापावी. हरतालिकेच्या रात्री निघून पहाटे पोचण्याचा बेत कागदावर नीट दिसतो, पण त्यात एका दरडीपुरतीही जागा उरत नाही. मंडळी हरतालिकेच्या आदल्या दिवशीच घरी पोचलेली असावीत.

चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे चतुर्थी इंग्रजी दिनदर्शिकेत मागे सरकत जाते, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते: ती 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, तर 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबून चालत नाही. पंचांग पाहून जाण्याचा दिवस ठरवावा आणि तेथून उलटे मोजत यावे. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली असल्याने, आरक्षण खुले होण्याची सकाळ कोणती हे आधीच टिपून ठेवणे, सर्वांची नावे व वये लिहून तयार ठेवणे, आणि त्या दिवशी दुसरे काम न घेणे, ही तयारी अत्यावश्यक होय.

प्रतीक्षा यादीचा अर्थही नीट समजून घ्यावा. केरळकडे किंवा मंगळुरूकडे जाणाऱ्या गाडीत रत्नागिरीसारख्या मधल्या स्थानकापर्यंतच्या प्रवाशाला पुष्कळदा एकत्रित कोट्याची, म्हणजे अनेक स्थानकांनी मिळून वाटून घेतलेल्या मोजक्या जागांची, यादी मिळते. तिच्यावर ‘पीक्यूडब्ल्यूएल’ अशी अक्षरे असतात आणि ती सर्वसाधारण यादीपेक्षा फारच सावकाश पुढे सरकते. सणाच्या दिवसांत तर रद्द होणारी तिकिटे थोडीच असतात. अशा तिकिटाच्या भरवशावर वृद्धांना स्थानकापर्यंत नेणे योग्य नव्हे. गणपती विशेष गाड्या आणि एसटीच्या जादा गाड्या जाहीर होतात तेव्हा त्यांचे आरक्षण लगेच करावे. तात्काळ तिकीट हा शेवटचा उपाय समजावा, कारण निश्चित झालेले तात्काळ तिकीट प्रवाशाने स्वतःहून रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर मात्र पूर्ण परतावा मिळतो.

गाडी उशिरा चालल्यास घरातील मंडळी रेल्वेला दोष देतील, त्यांना त्यामागचे कारण चिरंजीवाने समजावून सांगावे. रोहा ते ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग डोंगर कापून आणि पोखरून नेलेला आहे, त्याचा बराच भाग अजून एकेरी आहे, आणि पावसाळ्यात कापलेल्या डोंगराची ओली माती व दगड रुळांवर येण्याचे भय असते. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर विशेष गाडी आदळून 50 हून अधिक माणसे गेली. आज या मार्गावर पावसाळी वेळापत्रक लागू होते, वेग उतरवला जातो, अतिवृष्टीत गाडी ताशी 40 किलोमीटरने चालवली जाते आणि गस्तीचे कर्मचारी रात्रभर रूळ तपासत चालतात, ते असे पुन्हा घडू नये म्हणून. त्या उशिरात माणसांच्या जिवाची काळजी आहे. तरीही जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा वाहतूक थांबली व काही गाड्या पुणे, मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. वळवलेली गाडी रत्नागिरीला येतच नाही, हे लक्षात ठेवावे.

रस्त्याचा पर्याय त्यासाठीच मनात तयार असावा. मुंबई–गोवा महामार्ग अडला तर साताऱ्याहून कराडमार्गे कुंभार्ली घाटाने चिपळूणला, किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरता येते. मात्र कोणता घाट चालू आहे याची चौकशी निघण्याच्या दिवशी करावी आणि रात्री घाट उतरू नये.

सर्वांत कठीण निर्णय माणसांविषयीचा आहे. हवामान खात्याने लाल इशारा, म्हणजे अतिवृष्टीची सर्वांत गंभीर सूचना, दिली असेल तर आजारी वा अतिवृद्ध व्यक्तीला मागे ठेवण्याचे धैर्य चिरंजीवाने दाखवावे आणि त्या वेळी होणारा रुसवा शांतपणे सोसावा. गणपती किती दिवसांचा, हाही हट्टाचा विषय करू नये; पाच दिवसांचा गणपती अडचणीच्या वर्षी दीड दिवसाचा केल्याने पूजेत उणेपणा येत नाही, उलट गौरीविसर्जनानंतर परतीची जी एकच झुंबड उडते तिच्यातून वृद्ध व मुले सुटतात.

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, मूर्ती आधीच सांगून ठेवावी, आणि मंडळी पोचली नाहीत तर ती घरी आणून प्रतिष्ठापना कोणी करायची, हे भावकीतील एका घराशी आषाढातच बोलून ठेवावे. घराची दुसरी किल्ली आणि भटजींचा दूरध्वनी क्रमांक त्याच घरी द्यावा.