परसबागेतील शोभेचा एरंड

एरंडाचे झाड पाहिले नाही असा शेतकरी वऱ्हाडात सापडणे कठीण. नाल्याच्या काठी, उकिरड्याजवळ, पडक्या भिंतीच्या आडोशाला ते आपोआप उगवते. त्याची निगा कोणी राखत नाही आणि त्याची आठवणही होळीच्या दिवशीच होते. कित्येक गावांत होळीच्या मधोमध एरंडाची फांदी उभी करण्याची चाल आहे. असे हे झाड कोणी मुद्दाम अंगणात शोभेसाठी लावावे, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. परंतु युरोप व अमेरिकेतील उद्यानांत एकोणिसाव्या शतकापासून एरंड केवळ पानांच्या शोभेसाठी लावला जात आहे. तेथील हिवाळ्यात पहिल्या कडक थंडीबरोबर ते झाड मरते, म्हणून लोक दरवर्षी नवीन बी पेरतात. आपल्याकडे ते अनेक वर्षे टिकते, आणि कदाचित म्हणूनच आपल्याला त्याची किंमत वाटत नाही.

परतवाडा व अचलपूर परिसरात हल्ली घरांपुढील मोकळ्या जागेत, तसेच कार्यालयांच्या आवारात तांबड्या पानांचा एरंड लावलेला आढळतो. या झाडाची लागवड सोपी आहे. मात्र त्यात दोन धोके आहेत, एक मुलांच्या व गुरांच्या जिवाला आणि दुसरा संत्र्याच्या बागांना. ते समजून न घेता हे झाड लावणे इष्ट नाही.

एरंडाची खरी शोभा पानांत आहे. सात ते नऊ बोटांच्या पंजासारखे पान असल्यामुळे संस्कृतात त्याला गंधर्वहस्त असे सुंदर नाव मिळाले आहे. आपल्या गावठी एरंडातही हिरवा व तांबडा असे दोन प्रकार दिसतात. तांबड्या प्रकारात देठ, खोड व कोवळी पाने लालसर असतात आणि बोंडेही लाल व काटेरी दिसतात. परदेशी बागांतील ‘कार्मेन्सिटा’ हा तांबडा व ‘झांझिबारेन्सिस’ हा मोठ्या हिरव्या पानांचा वाण हे याच एका जातीचे प्रकार होत. तेव्हा शोभेसाठी महागडे बी मागविलेच पाहिजे असे नाही. चांगल्या तांबड्या गावठी झाडाचे बी निवडले तरी काम भागते.

पावसाळा नीट सुरू झाला म्हणजे, साधारण जूनअखेर ते जुलैमध्ये, बी टोबावे. बियांचे कवच टणक असल्यामुळे ते रात्रभर पाण्यात भिजवून घ्यावे. एका जागी दोन बिया, दीड ते दोन इंच खोल, टोबाव्यात व रोपे वीतभर झाली की एकच जोमदार रोप ठेवावे. या झाडाचे सोटमूळ खोल जात असल्यामुळे मोठे रोप उपटून दुसरीकडे लावले तर ते नीट जीव धरत नाही. म्हणून बी कायमच्या जागीच टोबणे बरे. दोन झाडांत निदान पाच फूट अंतर असावे. आपल्या भागातील काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते आणि एरंडाला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. अशा जमिनीत वीतभर उंचीचा वरंबा करून त्यावर बी टोबावे. जागा भरपूर उन्हाची निवडावी, कारण सावलीत तांबड्या पानांचा रंग उतरून ती हिरवट होतात व झाड नुसतेच लांबत जाते. एक घमेले कुजलेले शेणखत पुरेसे आहे.

आता मुख्य गोष्ट. एरंडाच्या खोडाच्या शेंड्याला फुलोऱ्याचा घड येतो आणि तेथे त्या खोडाची वाढ थांबते. घडाच्या वरच्या भागात मादीफुले व खालच्या भागात नरफुले असतात. पुढची वाढ घडाखालून फुटणाऱ्या फांद्यांनी होते. म्हणून पेरणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी पहिला घड दिसू लागताच तो खुडून टाकावा. बगलेतील फांद्या जोमाने फुटतात व झाड भरदार होते. पुढे येणारा प्रत्येक घडही बोंडे भरण्यापूर्वीच खुडावा. असे केल्याने लाल बोंडांची शोभा जाते हे खरे; परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते घराच्या अंगणात तो लोभ धरू नये.

याचे कारण असे. एरंडाच्या बियांत रिसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. सन 1978 मध्ये लंडन शहरात गिऑर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत टाचणीच्या टोकाएवढी गोळी मारण्यात आली व काही दिवसांतच त्याचा अंत झाला. ते विष रिसिन असल्याचे मानले जाते. बी अखंड गिळले गेले तर कवचामुळे ते पुष्कळदा तसेच बाहेर पडते. चावून खाल्ले तर मात्र थोड्या बियांनीही लहान मुलाच्या जिवाला धोका पोहोचतो. बी ठिपकेदार, चकचकीत व गोचिडासारखे दिसते. त्याचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’ हेही लॅटिन भाषेतील गोचिडाच्या नावावरूनच पडले आहे. मुलांना असले बी खेळायला आवडते. कुंपणाला लावतात तो मोगली एरंड हे वेगळे झाड आहे, पण त्याच्याही बिया विषारी असून त्या खाल्ल्याने शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. म्हणून शाळा व अंगणवाडी यांच्या आवारात यांपैकी कोणताही एरंड लावू नये, व असल्यास काढून टाकावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत संकोच करू नये.

एखाद्या मुलाने बिया खाल्ल्या असे कळताच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. उलट्या, पोटात कळा व जुलाब ही लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसतात आणि तोपर्यंत मूल अगदी बरे वाटते. या विषावर उतारा नाही. वेळेवर शिरेतून पाणी व क्षार देऊन रोग्याला सावरता येते, म्हणून वेळेला महत्त्व आहे. घरी मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व उरलेल्या बिया डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर घ्याव्यात.

मग एरंडेल तेल आपण कसे पितो, असा प्रश्न कोणीही विचारील. रिसिन तेलात उतरत नाही; ते पेंडीत राहते, व उष्णतेने नष्ट होते. बी भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेण्याची आपल्या आजीबाईंची रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. न तापविलेली पेंड मात्र खत म्हणून उत्तम असली तरी गुरांना घालू नये आणि कुत्री हुंगतील अशा जागी उघडी टाकू नये. छाटलेली पाने व घडही शेळ्या-गुरांपुढे टाकू नयेत.

दुसरा धोका आपल्या भागापुरता विशेष आहे. एरंडाची पाने खाणारी उंटअळी चालताना पाठीची कमान करते, त्यामुळे ती सहज ओळखू येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती झाडाच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवते. या अळीचा पतंग रात्री संत्र्याच्या पिकत्या फळांतील रस शोषतो. अशी फळे छिद्राजवळ सडून गळतात. आंबिया बहाराची फळे याच सुमारास रंगावर येत असल्याने संत्र्याच्या बागेच्या बांधावर शोभेचा एरंड लावणे म्हणजे आपल्या हाताने पतंगांचे पाळणाघर थाटणे होय. रस शोषणाऱ्या इतर पतंगांच्या अळ्या गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात. तेव्हा एरंड काढला म्हणजे सर्व काम झाले असे समजू नये. बागेजवळील हे वेलही काढावेत व गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत.

याउलट कपाशी, भुईमूग किंवा सोयाबीनच्या शेताच्या कडेला थोडा एरंड मुद्दाम लावण्याची शिफारस केली जाते. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा पतंग एरंडाच्या रुंद पानावर पुंजक्याने अंडी घालतो व त्यावर तपकिरी लव पसरतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या काही दिवस त्याच पानावर एकत्र राहून त्याची जाळी करतात. असे पान दिसताच ते तोडून रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवावे. मात्र आठवड्यातून दोनदा पाहणी झालीच पाहिजे. लावून विसरलेला सापळा पिकाचे रक्षण करीत नाही, तो अळ्यांची पैदास वाढवितो. ज्यांना एवढी सवड नाही त्यांनी एरंडाच्या भानगडीत पडू नये.

जुने झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खालून उघडे पडून बेढब दिसते. ते उन्हाळ्यात काढून पावसाळ्यात नवीन बी टोबणे सोयीचे. बियांसाठी एकच झाड, मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर, राखावे. एरंडाचे परागीभवन वाऱ्याने होत असल्यामुळे जवळपास हिरवा एरंड असल्यास पुढील पिढीत मिश्र रोपे निघतात. ती दोन-तीन पानांवर असतानाच हिरव्या देठाची काढून टाकावीत. बोंडे तडकून बी दूर उडण्यापूर्वी, ती पिवळसर होऊ लागताच, घड कापडी पिशवीत बांधावा. वाळलेले बी झाकणाच्या डब्यात घालून त्यावर ‘विष’ असे ठळक अक्षरांत लिहावे व डबा धान्यापासून वेगळा, कुलपात ठेवावा.