सेल्फला दोष देण्याआधी

मुंबईत हिंदमाताला राहायचं आणि जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगायची, म्हणजे मेकॅनिकची थोडीफार विद्या शिकावीच लागते. वडिलांची गाडी आता माझ्याकडे आहे. ती सकाळी सुरू झाली नाही की वॉचमनपासून दुधवाल्यापर्यंत सगळे एकच निकाल देतात: ‘सेल्फ गेला.’ माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा सेल्फ (म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) शाबूत असतो आणि मार मात्र त्यालाच बसतो.

१. आधी ऐका. चावी फिरवल्यावर ‘टकटकटक’ असं सलग वाजलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक्’ होऊन सगळं गप्प झालं, तर सोलेनॉइडचे (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटर अडकली आहे. मोटर नुसतीच घुर्रर्र फिरते आणि इंजिन हलत नाही, म्हणजे बेंडिक्स (मोटरचं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगला धरत नाही. कर्रकर्र आवाज आला तर रिंगचे दात बघा. गणपतीत मात्र कानांचा उपयोग नाही. लालबागकडून ढोल सुरू झाले की तो ‘टक्’ कुणाच्या बापाला ऐकू येणार?

२. अशा वेळी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार मंदावले तर बॅटरी, टर्मिनल किंवा जाम झालेली मोटर. दिवे होते तसेच लख्ख राहिले, तर मोटरपर्यंत करंटच पोचत नाही. सोलेनॉइड आणि चावीचा स्विच तपासा.

३. अर्थिंग. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नाहक खर्च इथेच होतो. भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली गेली तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. पण बॅटरी ठणठणीत आणि सेल्फ तरी रडत फिरतोय, असं असेल तर इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी शोधा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. करंटला परत जायला भरवशाची वाट तीच. समुद्राची खारी हवा आणि दर पावसाळ्यातलं पाणी, यांत तिचे लग गंजतात. कॉइलची इग्निशनची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (क्लॅम्पला नव्हे) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर दोष वाटेत आहे. पॉलिश पेपरने लग घासा, नट आवळा. एवढ्यासाठी सेल्फचं वाइंडिंग करून घेतलेले लोक मी पाहिलेत.

४. अडकलेली मोटर सोडवायला इग्निशन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि पुढे-मागे हलवा. हातोडीने ठोकणं हा उपाय तेवढ्यापुरता.

५. पाण्यात उभी राहिलेली गाडी. हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. आजूबाजूच्या उंच भागातलं पाणी इथे येऊन थांबतं. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्यांनी फरकही पडला. तरी सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, गढूळ पाणी त्याला लवकर गाठतं. कार्बन (ब्रश) आपल्या खोबणीत चिकटतात, बुश कोरडे पडतात. त्याहून मोठा धोका सिलेंडरमधल्या पाण्याचा. पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, चारही प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या. २६ जुलै २००५च्या पुरानंतर सुद्धा पाणी ओसरल्या ओसरल्या चावी फिरवणारे महाभाग आमच्या रस्त्यावर होतेच.

६. सेल्फ खोललाच तर कार्बनची लांबी, कम्युटेटरवरचा काळा थर आणि बुश पाहा. बुश झिजला की आर्मेचर कडेच्या पोलला घासतो. मग सेल्फ जड फिरतो आणि करंट भरमसाट खातो. बुश बदलणं स्वस्त. नवा सेल्फ विकू पाहणारा हे स्वतःहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

७. जुना सेल्फ भंगारात देऊ नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. स्पेअर पार्टचा मोठा गिऱ्हाईक टॅक्सीवालाच होता. आता कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळेल ते घ्यावं लागतं. सेल्फची बॉडी आणि पोल चांगले असतील तर आर्मेचर, कार्बन, बुश बसवून देणारे कारागीर अजून आहेत. तेव्हा गंजलेला का असेना, पण तो माळ्यावर ठेवा.