पैलूदार पेला आणि वर्तुळाचे समान भाग

'वर्तुळाचे आठ समान भाग करा' म्हटलं की मुलं कंपास घेतात, रेघा मारतात आणि मोकळी होतात. एखादा भाग मोठा झाला तर खोडरबर आहेच! भाग समान कशाला हवेत, हे काही त्यांना कळत नाही. पाचवीला हा घटक शिकवताना मी जपानच्या पैलूदार काचेच्या पेल्यांचे फोटो दाखवते.

टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे १८३४ च्या सुमारास कागाया क्युबेई नावाच्या व्यापाऱ्याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली, तिथून ही कला सुरू झाली असं मानतात. तिला 'एदो किरिको' म्हणतात. आतून पारदर्शक काच आणि बाहेरून निळा किंवा लाल काचेचा पातळ थर, असा हा पेला. कारागीर आधी त्यावर उभ्या-आडव्या खुणा करतो. मग बाहेरची बाजू फिरत्या चाकाला लावतो आणि स्वतः मात्र आतून, काचेतून आरपार बघत पैलू पाडतो. रंग कापला जातो तिथे पांढरी चमक येते. खुणा चुकल्या तर फेरी पूर्ण होताना शेवटचा पैलू पहिल्याला नीट भिडत नाही, आणि काचेला खोडरबर नाही.

यातल्या एका नक्षीचं नाव 'कागोमे', म्हणजे टोपलीच्या विणीतली भोकं. कोंबड्या झाकायचं डालगं आठवा. तिरक्या-आडव्या कामट्यांतून षटकोन तयार होतात, तीच ही नक्षी. शिरूर-दौंडकडच्या मुलांना ती वेगळी शिकवावी लागत नाही.

वर्गात काच अजिबात नको. सरळ उभा स्टीलचा डबा घ्या (पेला खाली निमुळता असतो, पट्टी तिरकी बसते). डब्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून नेमकी कापा. तीनदा दुमडली की आठ भाग. बारा करायचे तर आधी तीन घड्या कराव्या लागतात, आणि खरी मजा तिथेच येते. गणितात मागे असलेली काही मुलं इथे सगळ्यांच्या पुढे असतात, हे जरूर बघा. मग पट्टीवर पांढरा मेणखडू, त्यावर गडद निळा मेणखडू जाड घासायचा आणि टूथपिकने खुणेवरून खरवडायचं. निळ्याखालून पांढरी नक्षी निघते. पट्टी परत डब्याला लावली की टोकं जुळतात की नाही ते मुलांना आपोआप दिसतं, आपण चूक-बरोबर सांगायची गरज नाही.

पालक विचारतात, जपानचं काय एवढं? तर आपल्याच जिल्ह्यात तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. आपल्या शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे नव्हे, मावळातलं तळेगाव दाभाडे. तिथे काचकाम शिकवायला आले ते ईश्वरदास वार्ष्णेय, जपानला जाऊन काचविद्या शिकलेले. कारखान्याचा पैसा आला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, अशी ती कल्पना. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता.

त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. मुलांना गणित घाला: वर्षाला हजार रुपये जमवायला किती माणसांकडे जावं लागेल? उत्तर आल्यावर आपल्या गावाची लोकसंख्या ग्रामपंचायतीतून विचारून यायला सांगा.