जुन्या मोटारीचा गिअर-बॉक्स व करूळचा घाट

कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटर गेलें असतां गगनबावडा लागतो. तेथून कोंकणांत उतरणाऱ्या दोन वाटा फुटतात. एक करूळ घाटाची, दुसरी भुईबावड्याची. १९२८ ते १९३१ या सालांतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ मोटार घेऊन कोणी या घाटांत शिरला, तर इंजिनाइतकाच तिच्या गिअर-बॉक्सचा, म्हणजे दंतचक्रांच्या पेटीचा, कस लागतो.

पंधरा दात्यांचें चक्र तीस दात्यांच्या चक्रास फिरवूं लागलें, तर मोठें चक्र अर्ध्या वेगानें फिरतें, परंतु त्याचा पीळ दुप्पट होतो. गिअरचें रहस्य एवढेंच. ‘मॉडेल ए’च्या पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे ३.१२ फेरे झाले म्हणजे मागील दांड्याचा एक फेरा होतो; दुसऱ्यांत १.८५ लागतात, तिसऱ्यांत दोन्ही बरोबर फिरतात. उतारावर हेंच गणित उलट चालतें. गाडी इंजिनास फिरवूं पाहते व इंजिन तिला आवरून धरतें. लांब उतारावर ब्रेक तापतात. तेव्हां दुसरा गिअर हाच आधार.

या पेटींत चक्रांचे वेग आपोआप जुळविणारीं पितळी कडीं नाहींत. चालकानें क्लच दोनदां दाबून वेग जुळवावयाचा असतो. तें साधलें नाहीं कीं दाते करकरतात आणि त्यांचे कांठ तुटतात. म्हणून पेटी उघडण्यापूर्वीं जुनें तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावें. लोखंडाचा कीस चुंबकास चिकटतो, त्यावरून आंतील झीज कळते. मग रॉकेलनें धुऊन प्रत्येक दाता, बेअरिंग, गिअर जागीं धरणारी गोळी व तिची स्प्रिंग तपासावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरांत चक्र कापून मिळेल. परंतु नुसतें आकाराचें चक्र उपयोगाचें नाहीं. त्याचा पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट असावा लागतो. तेलहि जाड हवें. पातळ तेलांत चक्रें लवकर थांबत नाहींत व गिअर करकरून पडतो.

पुष्कळ हौशी लोक मूळ पेटी काढून १९३२ नंतरच्या फोर्ड व्ही-आठ मोटारीची पेटी बसवितात. तींत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला पितळी कडीं असल्यानें हात हलका चालतो. इंजिनाकडील जोड व मागील दांडा मात्र जुळवून घ्यावा लागतो. परंतु खरी मेख निराळीच आहे. या पेट्यांपैकीं कांहींत दुसऱ्या गिअरचें प्रमाण १.७७, तर कांहींत १.६० आहे. १.६० ची पेटी घेतली तर दुसऱ्या गिअरची ओढ व उतारावरील रोध सुमारें सातव्या हिश्श्यानें घटतो. सपाट मुलखांत हें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. करूळच्या वळणावर येईल. याकरितां विकत घेण्यापूर्वीं दाते मोजावे.

कोल्हापुरास दसऱ्याच्या सोहळ्यांत छत्रपतींची मेबॅक मोटार पाहावयास मिळते. त्या कारखान्यानें इंजिनाच्या शोषणशक्तीनें गिअर बदलण्याची युक्ति काढली होती. अशा दुर्मिळ गाडींत परकी पेटी घालणें मला तरी अक्षम्य वाटतें. ‘मॉडेल ए’ मात्र ४८ लाखांहून अधिक निघाल्या. तेथें फेरबदल क्षम्य आहे. मूळ पेटी तेल चोपडून, कोरड्या जागीं, तिच्या खिळ्या-बोल्टांसह जपून ठेवावी. नवी पेटी बसविल्यावर एकदम घाट न गांठतां कळे गांवाजवळच्या सपाट रस्त्यावर गिअर वरखालीं करून पाहावे, तेल गळतें काय तें बघावें, आणि मगच गगनबावड्याची वाट धरावी.